सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक : गटवारीपासून वहीच्या शेवटच्या पानापर्यंत

३० ऑक्टोबर २०२२ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर स्पेनने कोलंबियाचा १-० असा पराभव करून सतरा वर्षांखालील मुलींचा फिफा विश्वचषक जिंकला. स्पेनकडून व्हिकी लोपेझ खेळत होती आणि कोलंबियाकडून लिंडा कैसेदो. नऊ महिन्यांनी कैसेदोने सिडनीत, महिलांच्या मुख्य विश्वचषकात, जर्मनीविरुद्ध गोल केला. २०२५ मध्ये लोपेझला एकवीस वर्षांखालील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूसाठी असलेली कोपा ट्रॉफी मिळाली. या दोघी एकमेकींविरुद्ध खेळताना आपल्याला हार्बर लाइनवरच्या एका स्थानकाशेजारी पाहता आल्या, आणि तरीही त्या रात्री तिथे असलेल्यांपैकी किती जणांना त्यांची नावे आज आठवत असतील, हा प्रश्न मला अनेकदा पडतो.

हा लेख त्या विसरण्यावर उपाय म्हणून लिहीत आहे. मुलींच्या या स्पर्धेत निकाल लवकर विरतात आणि नावे मात्र वर्षानुवर्षे वाढत राहतात. म्हणून ती नावांनिशी पाहावी, आणि त्यासाठी थोडी पूर्वतयारी करावी. स्पर्धा आता दर दोन वर्षांऐवजी दर वर्षी होते आणि २०२५ ते २०२९ अशी सलग पाच वर्षे तिचे यजमानपद मोरोक्कोकडे आहे. त्यामुळे एकदा बसवलेली पद्धत पुढच्या वर्षीही तशीच वापरता येते.

पहिली पायरी : वयाचा हिशेब आणि स्पर्धेचा आराखडा

'सतरा वर्षांखालील' या शब्दांनी थोडा गोंधळ होतो. नियम जन्मवर्षावर चालतो आणि त्याला वरची तशीच खालचीही मर्यादा असते. २०२२ च्या भारतातील स्पर्धेत १ जानेवारी २००५ ते ३१ डिसेंबर २००७ या काळात जन्मलेल्या मुली खेळू शकत होत्या. २०२५ च्या स्पर्धेसाठी हीच मर्यादा २००८ ते २०१० अशी होती. स्पर्धेच्या वर्षातून सतरा वजा केले की सर्वांत मोठ्या मुलींचे जन्मवर्ष मिळते आणि पंधरा वजा केले की सर्वांत लहान मुलींचे. स्पर्धा दोन वर्षांनी होत असे तेव्हा एका मुलीला ती फार तर दोनदा खेळता येत असे. आता एखाद्या गुणी मुलीला लागोपाठ तीन वर्षे खेळता येईल, आणि तिची वाढ वर्षागणिक पाहण्याची अशी संधी प्रेक्षकाला पूर्वी मिळत नव्हती.

संघाची यादी जाहीर झाली की प्रत्येक नावापुढची जन्मतारीख वाचावी. वर्षाबरोबर महिनाही पाहावा. कनिष्ठ गटांच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत जन्मलेल्या मुलामुलींचे प्रमाण जास्त आढळते, कारण त्या वयात आठ-दहा महिन्यांच्या फरकाने उंची आणि ताकद बरीच बदलते आणि निवडणाऱ्यांचे लक्ष नकळत तिकडे जाते. म्हणून वयोगटाच्या शेवटच्या वर्षात, तेही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेली एखादी मुलगी अकरा जणींत दिसली, तर तिच्या नावाखाली रेघ ओढावी. तिने अंगापिंडाच्या बळावर जागा मिळवलेली नसण्याची शक्यता मोठी असते. तिच्या पायात काहीतरी वेगळे असते.

आराखडाही समजून घ्यावा. २०२४ पर्यंत १६ संघ, चार गट आणि ३२ सामने असे स्वरूप होते. २०२५ पासून २४ संघ आहेत. चार-चार संघांचे सहा गट पडतात, प्रत्येक गटातील पहिले दोन संघ आणि सहा तिसऱ्या क्रमांकांपैकी सर्वोत्तम चार संघ बाद फेरीत जातात, आणि एकूण सामने ५२ होतात. नोकरी किंवा शाळा सांभाळून ५२ सामने कोणीही पाहू शकत नाही, त्यामुळे निवड करावीच लागते.

दुसरी पायरी : कोणते संघ निवडायचे

गटवारी जाहीर झाल्यावर माझा सल्ला असा, की दोन गट पूर्ण पाहावेत आणि बाकी चार गटांचे फक्त निकाल व ठळक क्षणचित्रे पाहावीत. सर्व गटांतले थोडे थोडे सामने पाहिले तर एकही मुलगी ओळखीची होत नाही, पण एकच गट तीनही फेऱ्यांत पाहिला तर चार संघांतील पंधरा-वीस मुली चेहऱ्याने आणि चालीने ओळखू येऊ लागतात.

गट निवडताना फक्त मोठी नावे पाहू नयेत. उत्तर कोरियाचा संघ असलेला गट मात्र शक्यतो सोडू नये. २००८, २०१६, २०२४ आणि २०२५ असे चार विश्वचषक या एका देशाने जिंकले आहेत. २०२४ मध्ये तर सप्टेंबरात बोगोटात वीस वर्षांखालील आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सतरा वर्षांखालील, अशा दोन्ही स्पर्धा त्यांच्या मुलींनी सात आठवड्यांच्या आत जिंकल्या. या खेळाडू एरवी बाहेरच्या क्लबांत दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना पाहण्याची जागा जवळजवळ हीच एक. २०२५ च्या अंतिम सामन्यात त्यांनी नेदरलँड्सला ३-० असे नमवले.

दुसरा गट निवडताना एखादा नवखा संघ असलेला निवडावा. २०२२ मध्ये टांझानियाच्या मुली पहिल्यांदाच ही स्पर्धा खेळायला आल्या आणि त्यांनी फ्रान्सला २-१ असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. युरोपातील बलाढ्य संघांविषयी माहिती सर्वत्र मिळते, पण अशा संघाविषयीची माहिती आपल्या डोळ्यांनीच गोळा करावी लागते आणि ती जास्त काळ लक्षात राहते.

तिसरी पायरी : वेळापत्रक आपल्या घड्याळात आणणे

हे काम कंटाळवाणे वाटते. पण हुकलेल्या सामन्यांपैकी बहुतेक सामने इथेच हुकतात. मोरोक्कोची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे. तिथे दुपारी चारला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेआठला, संध्याकाळी पाचचा साडेनऊला आणि रात्री आठचा मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होतो. या शेवटच्या बाबतीत तारीखही बदलते : वेळापत्रकात १७ तारीख छापलेली असली तरी आपल्या दिनदर्शिकेत तो सामना १८ ला लिहायला हवा. वेळापत्रक हाती येताच सगळे सामने आपल्या तारखेने व वेळेने एका कागदावर उतरवून फ्रिजवर लावावेत. फोनमधील स्मरणसूचना उपयोगी आहेच, पण घरातल्या इतरांनाही कागद दिसतो आणि हळूहळू तेही विचारू लागतात, की आज कोणाचा सामना आहे.

परदेशातील मराठी वाचकांनी आणखी एक काळजी घ्यावी. २०२५ ची स्पर्धा १७ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर अशी झाली, आणि याच दिवसांत युरोपातील घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तर अमेरिकेतील घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे येतात. मोरोक्कोचे घड्याळ त्या दिवशी बदलत नाही. लंडनमधील प्रेक्षकाला साखळी सामन्यांच्या वेळी मोरोक्कोची राजधानी रबातची आणि लंडनची वेळ एकच असते, आणि बाद फेरीत अचानक एका तासाचा फरक पडतो.

प्रक्षेपणाचे हक्क वर्षागणिक बदलतात, म्हणून स्पर्धा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी फिफाच्या संकेतस्थळावर आपल्या देशातील प्रक्षेपकाचे नाव पाहावे आणि फिफाच्याच 'फिफा प्लस' या सेवेवर आपले खाते आधी उघडून ठेवावे. सलामीचा सामना सुरू झाल्यावर पासवर्ड शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

चौथी पायरी : वही

साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक संघाला दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर २१ खेळाडूंची यादी क्रमांक, जागा आणि जन्मवर्षासह लिहावी, आणि उजवे पान कोरे ठेवावे. सामना सुरू असताना उजव्या पानावर लिहायचे असते, आणि कमी लिहायचे असते. गोल कोणी केला, कार्ड कोणाला मिळाले, हे अधिकृत नोंदीत नंतर मिळतेच. ते उतरवण्यात वेळ घालवू नये. अधिकृत नोंदीत जे कधीच येत नाही, ते लिहावे.

ते काय असते? चेंडू येण्याआधी एखादी मध्यरक्षक किती वेळा मान वळवून मागे पाहते. चेंडूचा पहिला स्पर्श तिला पुढे नेतो की जागीच अडकवतो. चेंडू गमावल्यानंतरच्या पहिल्या पाच सेकंदांत ती धावते की हात पसरून पंचांकडे पाहते. डावा पाय फक्त उभे राहण्यासाठी वापरते की पास देण्यासाठीही. गोलरक्षक चेंडू पकडल्यावर लगेच लांब मारते की आधी मैदानाकडे पाहते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींमध्ये वेग आणि ताकद पुढे वाढेल, कमी होईल, दुखापतीने अडेल. या सवयी मात्र बहुधा टिकतात. मी स्वतः प्रत्येक सामन्यात पूर्वार्धातील पंधरा मिनिटे एकाच मुलीसाठी राखून ठेवतो आणि चेंडू कुठेही असला तरी तिच्याकडेच पाहण्याचा प्रयत्न करतो. दूरचित्रवाणीवर हे नेहमी जमत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. तरीही ती दृश्यात येते तेव्हा कुठे उभी आहे आणि दृश्यातून जाते तेव्हा कोणत्या दिशेने, एवढ्यावरूनही पुष्कळ कळते.

गोलरक्षकांविषयी एक विनंती. या वयोगटात लांबून मारलेले उंच चेंडू डोक्यावरून जाऊन गोल होतात, आणि प्रेक्षक लगेच त्या मुलीला दोष देतात. मैदानावरील गोलपोस्ट मोठ्या स्पर्धांतलाच असतो : आठ यार्ड रुंद, आठ फूट उंच. पंधरा वर्षांच्या मुलीने त्यातील प्रत्येक कोपरा झाकावा ही अपेक्षा चुकीची आहे. तिची जागा योग्य होती का, एवढेच पाहावे.

पाचवी पायरी : साखळी फेरीचे गणित

विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, हे सर्वांना माहीत असते. गुण समान झाल्यावर काय, हे स्पर्धेच्या नियमावलीत आधीच वाचून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, कारण ते सर्वत्र सारखे नसते. भारतात झालेल्या स्पर्धेत आधी सर्व सामन्यांचा गोलफरक पाहिला जात होता. आशियाई महासंघाच्या स्पर्धांत आधी त्या दोन संघांतील आपसातला निकाल पाहतात. पहिल्या पद्धतीत चार गोलांनी हरत असलेल्या संघालाही पाचवा गोल वाचवण्याचे मोल असते, तर दुसऱ्या पद्धतीत तेवढे नसते, आणि शेवटच्या वीस मिनिटांतला खेळ त्यानुसार बदलतो.

चोवीस संघांच्या स्वरूपात तिसऱ्या क्रमांकांची वेगळी तक्ता-रांग स्वतः मांडावी. चार गुण सहसा पुरतात. तीन गुणांवर अडकलेल्या संघाला मात्र इतर गटांच्या निकालांची वाट पाहावी लागते, आणि त्याच वेळी गोलफरकाचे महत्त्व कळते.

गटातील शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे कोणालाही दुसऱ्या सामन्याचा निकाल पाहून सोयीने खेळता येऊ नये. १७ ऑक्टोबर २०२२ ला भारत-ब्राझील सामना भुवनेश्वरच्या कलिंगा मैदानावर आणि त्याच गटातील अमेरिका-मोरोक्को सामना मडगावला फातोर्ड्यात असाच एकाच वेळी झाला. त्या दिवशी दोन पडदे लावावेत. मोठ्या पडद्यावर तो सामना, ज्याच्या निकालाने कोणी तरी घरी जाणार आहे.

एका पराभवावरून संघाला मोडीत काढू नये, हे सांगायला २०२२ चा क गट पुरेसा आहे. तिथे मेक्सिकोने स्पेनला २-१ असे हरवले. मेक्सिको साखळीतच बाद झाला, आणि स्पेन विश्वविजेता ठरला.

मोठ्या फरकाचे निकालही जपून वाचावेत. भारताच्या मुली त्या स्पर्धेत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. संघ यजमान म्हणून थेट पात्र ठरला होता. स्पर्धेच्या दोन महिने आधी, ऑगस्टमध्ये, फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले होते आणि ते निलंबन स्पर्धा जेमतेम दीड महिन्यावर असताना उठले. अस्तम उरांवच्या नेतृत्वाखाली खेळलेल्या त्या मुली ज्या परिस्थितीतून मैदानात उतरल्या, तिची नोंद धावफलकात नाही. मला त्यांचा तो दुसरा सामना अधिक महत्त्वाचा वाटतो : आठ गोल खाल्ल्यानंतर तीनच दिवसांनी त्या मोरोक्कोसमोर उभ्या राहिल्या आणि मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा ठेवला.

सहावी पायरी : बाद फेरी आणि पंचांचे नवे नियम

या वयोगटात बाद फेरीत जादा वेळ नसतो. नव्वद मिनिटे आणि भरपाई वेळ संपल्यावर बरोबरी असेल तर थेट पेनल्टी शूटआऊट होते. वीस वर्षांखालील स्पर्धेत मात्र जादा वेळ खेळवला जातो, त्यामुळे दोन्ही स्पर्धा पाहणाऱ्यांचा इथे घोटाळा होतो. २००८ ते २०२५ या काळातील नऊ अंतिम सामन्यांपैकी चार (२०१०, २०१२, २०१६ आणि २०२४) पेनल्टीवर सुटले. म्हणजे शूटआऊट हा या स्पर्धेचा नेहमीचा भाग आहे असे धरूनच तयारी करावी. ऐंशीव्या मिनिटानंतर कोण बदली म्हणून येते आणि ती चेंडूवर पहिला पाय कसा ठेवते, हे लिहून ठेवावे. बदली खेळाडू पेनल्टीसाठी राखलेली असू शकते.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना कोणी पाहत नाही, आणि ही मोठी चूक आहे. नेरूळमध्ये अंतिम सामन्याच्या आधी नायजेरिया आणि जर्मनी खेळले. नायजेरियाने तीन गोलांची आघाडी घेतली, जर्मनीने तिन्ही फेडले आणि शेवटी नायजेरिया पेनल्टीवर ३-२ अशी जिंकली. उपांत्य फेरीत कोलंबियाकडून पेनल्टीवरच हरलेल्या मुली चार दिवसांनी पुन्हा त्याच खुणेपाशी उभ्या होत्या. एखाद्या खेळाडूच्या मनाचे माप घ्यायचे असेल, तर यापेक्षा चांगली जागा नाही.

पंचांच्या निर्णयांविषयीही थोडे जाणून घ्यावे. भारतात २०२२ मध्ये व्हीएआर होते, म्हणजे पडद्यामागे बसलेले पंच स्वतःहून चूक लक्षात आणून देत. २०२४ पासून या स्पर्धेत निराळी, कमी खर्चाची पद्धत वापरली गेली. तीत प्रशिक्षकाला प्रत्येक सामन्यात दोनदा फेरतपासणी मागता येते. त्यासाठी तो हवेत बोट फिरवून चौथ्या पंचाकडे एक कार्ड देतो, आणि मुख्य पंच मैदानाकडेच्या पडद्यावर दृश्य पाहून निर्णय देतात. मागणी बरोबर ठरली तर ती संधी शिल्लक राहते. क्रिकेटमधील डीआरएस पाहून तयार झालेल्या आपल्या प्रेक्षकाला हे चटकन समजते. फरक इतकाच की इथे मागणी फक्त गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेले कार्ड, या चार बाबींपुरती असते. प्रशिक्षकाने आपली दुसरी संधी केव्हा वापरली, हे वहीत जरूर लिहावे.

वयाचे भान

या मुली शाळेत जाणाऱ्या आहेत. त्यांच्या खेळाविषयी हवे तेवढे बोलावे, दिसण्याविषयी बोलू नये. पेनल्टी चुकलेल्या मुलीच्या खात्यावर जाऊन लिहू नये, तिच्या रडण्याची छायाचित्रे पुढे पाठवू नयेत. २०२२ च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल कोलंबियाच्या एका बचावपटूकडून झालेला स्वयंगोल होता. माझ्या वहीत मी तिथे फक्त मिनिट लिहिले आहे, ८२. तिच्या नावासमोर तिने त्याआधी अडवलेल्या चढायांची नोंद आहे. घरातील मुलींबरोबर सामना पाहत असाल, तर पडद्यावरील खेळाडू त्यांच्याच वयाची आहे हे त्यांना सांगावे लागत नाही; त्यांना ते आपल्या आधी दिसते.

सातवी पायरी : स्पर्धा संपल्यानंतर

वहीचे काम इथे खरे सुरू होते. प्रत्येक संघातून तीन नावे निवडून शेवटच्या पानावर एकत्र लिहावीत आणि दर सहा महिन्यांनी ती शोधावीत : कोणत्या क्लबकडे गेली, वरिष्ठ संघात आली का, दुखापत झाली का. पुढे जगातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरलेल्या स्पेनच्या दोघी, अलेक्सिया पुतेयास २०१० मध्ये त्रिनिदादला आणि आयताना बोनमाती २०१४ मध्ये कोस्टा रिकाला याच स्पर्धेत खेळल्या होत्या. सल्मा पारालुएलो २०१८ मध्ये उरुग्वेत सतरा वर्षांखालील, २०२२ मध्ये वीस वर्षांखालील आणि २०२३ मध्ये वरिष्ठ गटाचा विश्वचषक जिंकली. मात्र याच संघांतील कित्येक मुली पुन्हा कुठल्याच यादीत दिसल्या नाहीत. त्यांची नावेही पुसू नयेत.

भारतीय मुलींसाठी वहीत वेगळा भाग ठेवावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केकला आपल्या सतरा वर्षांखालील संघाने किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान या दोघांनाही २-१ असे हरवून २०२६ च्या चीनमधील आशियाई स्पर्धेत खेळून जागा मिळवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील संघही म्यानमारमध्ये आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरला. विश्वचषकाची वाट या पात्रता सामन्यांतूनच जाते, आणि ते सामने साधारणपणे दुपारी, मोजक्या प्रेक्षकांसमोर, एखाद्या महासंघाच्या यूट्यूब वाहिनीवर दिसतात. ते पाहण्यासाठी वेळापत्रक विश्वचषकाइतक्याच काळजीने उतरवावे.

वीस वर्षांखालील मुलींचा विश्वचषक सप्टेंबर २०२६ मध्ये पोलंडमध्ये ठरला आहे. त्यासाठी जन्मवर्ष २००६ किंवा त्यानंतरचे लागते, म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये २०२४ ला खेळलेल्या सर्व मुली त्या वयोगटात बसतात. संघांच्या याद्या आल्या की शेवटचे पान उघडावे, जुळलेल्या नावांवर खूण करावी आणि पोलंडची वेळ त्या महिन्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हे फ्रिजवरच्या नव्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहावे.